दिव्रीई

तुर्कस्तानच्या सीवास प्रांतातील एक ऐतिहासिक नगर व लोहखाणींचे केंद्र. ते सीवास शहराच्या आग्नेयीस, युफ्रेटीसच्या खोऱ्यातील चाल्ती नदीजवळ, समुद्रसपाटीपासून सु. १,२०० मी. उंचीवर डोंगरांनी वेढलेले आहे. या दुर्गमतेमुळे पूर्वी त्यास संरक्षण लाभले. मात्र परिसरातील खनिजाचा मोठ्या प्रमाणावर उपयोग होण्यास लोहमार्गाची वाट पाहावी लागली.

बायझंटिन काळात हे टेफ्रिकी या नावाने ओळखले जाई. नवव्या शतकाच्या मध्यास क्रूस व प्रतिमांची पूजा नाकारणाऱ्या पॉलिशियन या ख्रिस्ती पंथाने मेलितिनीच्या (सध्याचे मालात्या) अमीराच्या साहाय्याने येथे आपली राजधानी केली. सम्राट पहिला बॅसिल याच्या सैन्याने त्यांचा नेता क्रिसोखीर यास ठार करून त्यांची सत्ता मोडली. मँझिकर्टच्या लढाईनंतर (१०७१) हा प्रदेश मेंगूजेक या तुर्की घराण्याकडे गेला. त्यांच्यापैकी अहमदशाह व तुरान मेलिक यांनी अनुक्रमे येथील मोठी मशीद व तिला जोडलेले रुग्णालय १२२८-२९ मध्ये बांधविले. अह्‌लातचा खुर्रमशाह हा त्यांचा स्थपती. प्रवेशद्वारांवरील पानाफुलांचे व भौमितिक आकृत्यांचे उठावदार कोरीवकाम अप्रतिम असून या वास्तूचा १९८५ मध्ये यूनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत समावेश झाला. पुढे नगर ऑटोमन साम्राज्यात आले. येथील मोठा आर्मेनियन समाज १९१५ च्या हद्दपारीत उद्‌ध्वस्त झाला.

येथील लोहखनिज मुख्यत्वे मॅग्नेटाइट असून, तप्त शिलारस जुन्या खडकांत घुसल्याने त्यांच्या संपर्कभागात ते तयार झाले. १९३७ मध्ये सीवासकडून लोहमार्ग आला व त्यानंतर लवकरच खाणकाम सुरू झाले. पोलाद-कारखाना मात्र खाणीजवळ न उभारता झाँगुलडाकच्या कोळसाक्षेत्रानजीक काराबूक येथे १९३९ मध्ये सुरू करण्यात आला. त्यामुळे खनिज आगगाडीने शेकडो किमी. दूर न्यावे लागे. काही खनिजात गंधक अधिक असल्याने ते दळून, शुद्ध करून व भाजून त्याच्या गोळ्या बनविण्याचा कारखाना १९८० नंतरच्या दशकात उभारण्यात आला. खोऱ्यात धान्य, तुती व इतर फळे होतात. तथापि रोजगार मर्यादित असल्याने पुष्कळ लोक इस्तंबूल, अंकारा इ. शहरांकडे स्थलांतरित झाले आहेत. लोहसाठा खणण्याने घटत जाणारा, तर मशीद-रुग्णालय जतन केल्यास टिकणारी संपत्ती आहे. विस्तृत दुरुस्तीनंतर ही वास्तू २०२४ मध्ये पुन्हा खुली करण्यात आली.