राणीछाप रुपयाची गोष्ट

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी तुमच्या घरी आजीच्या डब्यातून एखादा जुना चांदीचा रुपया बाहेर निघतो का? व्हिक्टोरिया राणीचे चित्र असलेल्या या नाण्याला लोक ‘राणीछाप’ म्हणत. त्याचे वजन बरोबर एक तोळा, म्हणजे १८० ग्रेन. त्यापैकी १६५ ग्रेन शुद्ध चांदी; बाकीची भेसळ नाणे टणक व्हावे म्हणून. १८३५ सालच्या कायद्याने हे प्रमाण ठरले आणि पुढे शंभर वर्षांहून अधिक काळ ते टिकले.

आता एक कोडे पाहा. १८७२ च्या सुमारास इंग्लंडचा एक पौंड घ्यायला साधारण साडेदहा रुपये पडत. १८९२ मध्ये त्याच पौंडाला सुमारे सोळा रुपये मोजावे लागले. रुपयातली चांदी तर गुंजभरही कमी झाली नव्हती! मग झाले काय?

चांदी आणि सोने

याचे उत्तर तुम्हांला साध्या अंकगणिताने काढता येईल. इंग्लंडचे चलन सोन्यावर आधारलेले होते. एका पौंडाच्या नाण्यात, म्हणजे सॉव्हरिनमध्ये, सुमारे ११३ ग्रेन शुद्ध सोने असे. आपल्याकडे मात्र रुपया चांदीचा. कोणीही चांदी घेऊन मुंबईच्या किंवा कलकत्त्याच्या टांकसाळीत जावे, थोडी मजुरी द्यावी आणि रुपये पाडून घ्यावेत, अशी मोकळीक होती. त्यामुळे रुपयाची किंमत त्यातल्या चांदीच्या किमतीपासून फारशी दूर जात नसे.

१८७० पर्यंत एका ग्रेन सोन्याला सुमारे साडेपंधरा ग्रेन चांदी मिळे. म्हणून एक पौंड म्हणजे ११३ × १५.५ = १७५१.५ ग्रेन चांदी. हिला १६५ ने भागा. उत्तर येते सुमारे १०.६ रुपये.

पुढे जर्मनीने १८७१ ते १८७३ या काळात चांदी सोडून सोन्याचे चलन स्वीकारले आणि आपली जुनी चांदी विकायला काढली. फ्रान्स व त्याच्या शेजारी देशांनी चांदीची नाणी पाडण्यावर मर्यादा घातली. त्याच सुमारास अमेरिकेत नेव्हाडातील खाणींतून भरपूर चांदी निघू लागली. माल वाढला, गिऱ्हाईक घटले. चांदी स्वस्त झाली. १८९२ पर्यंत एका ग्रेन सोन्याला सुमारे साडेतेवीस ग्रेन चांदी मिळू लागली. आता वरचे गणित पुन्हा करा : ११३ × २३.५ ÷ १६५ = सुमारे १६ रुपये. कोडे सुटले!

भुर्दंड कोणाला?

तुम्ही म्हणाल, विलायतेच्या पौंडाशी आपल्या शेतकऱ्याचा काय संबंध? संबंध होता. हिंदुस्थान सरकारला दरवर्षी लंडनमध्ये मोठी रक्कम भरावी लागे. निवृत्त इंग्रज अधिकाऱ्यांची पेन्शने, रेल्वेच्या भांडवलावरील व्याज, सैन्याचा खर्च असे हे देणे पौंडांत होते. सारा मात्र गोळा होई रुपयांत. शंभर पौंडांच्या पेन्शनीला पूर्वी १०६० रुपये लागत, तिथे आता १६०० लागू लागले. हा फरक भरून निघणार तो अखेर करांतून.

उलट, माल परदेशी विकणाऱ्यांना स्वस्त रुपया सोयीचा होता. म्हणजे विनिमयदर बदलला की एकाच्या खिशातले दुसऱ्याच्या खिशात जाते, हे ध्यानात ठेवा.

टांकसाळीचे दार बंद

शेवटी २६ जून १८९३ रोजी सरकारने लोकांसाठी टांकसाळी बंद केल्या. नवे रुपये पडेनासे झाले. व्यापार वाढत होता, रुपये मात्र तेवढेच. टंचाईमुळे रुपयाची किंमत हळूहळू चढली आणि १८९८ मध्ये १ शिलिंग ४ पेन्सवर, म्हणजे पौंडाला १५ रुपयांवर येऊन ठेपली.

चांदी मात्र उतरतच होती. त्या वर्षी रुपयातल्या चांदीची किंमत जेमतेम दहा पेन्स भरत होती आणि रुपया होता सोळा पेन्सचा. म्हणजे सोळा आण्यांच्या रुपयात चांदी दहा आण्यांची! पूर्वी तोळाभर चांदी म्हणजे जवळजवळ एक रुपया असे. १८९६–९७ च्या दुष्काळात ज्यांनी तोडे-वाळे विकायला काढले, त्यांना हा हिशेब फार महागात पडला. त्यांची बचत चांदीत होती आणि सारा भरायचा होता रुपयांत. मुंबईच्या गिरण्यांचे सूत चीनला जाई. तिथे चांदीच चालत असल्याने तेही महाग झाले.

पुढचा प्रवास

पहिल्या महायुद्धात चक्र उलटे फिरले. चांदी इतकी महागली की रुपया वितळवणे फायद्याचे ठरू लागले. १९१७ मध्ये सरकारने एक रुपयाची कागदी नोट काढली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या साऱ्या इतिहासाची चिकित्सा करून १९२३ साली ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. १९२७ मध्ये दर १ शिलिंग ६ पेन्स ठरला. म्हणजे पौंडाला १३ रुपये ५ आणे ४ पै. मुंबईच्या व्यापाऱ्यांनी १ शिलिंग ४ पेन्सचा आग्रह धरला होता, पण तो मानला गेला नाही.

हा दर १९६६ पर्यंत चालला. त्या वर्षी रुपयाचे अवमूल्यन होऊन पौंड २१ रुपयांचा झाला. १९६७ मध्ये पौंडाचेच अवमूल्यन होऊन तो १८ रुपयांवर आला. सप्टेंबर १९७५ मध्ये रुपयाची पौंडाशी असलेली गाठ सुटली आणि १९९३ पासून रुपयाचा दर मुख्यतः बाजारात ठरू लागला.

आता वर्तमानपत्रातून आजचा पौंडाचा दर शोधा. आजच्या रुपयात चांदी मुळीच नाही. मग त्याची किंमत कशावर टिकून आहे? वर्गात चर्चा करून पाहा. आणि पुढच्या लक्ष्मीपूजनाला आजीचा रुपया हातात घ्याल, तेव्हा टांकसाळीचे ते बंद झालेले दार आठवा.