आतल्या आत रक्त जाते तेव्हा

घाटकोपर किंवा मुलुंड स्थानकाच्या पुलावर सकाळी थोडा वेळ उभे राहून पाहा. अर्ध्या जिन्यात कठडा धरून धापा टाकणारे सत्तरीचे आजोबा हमखास दिसतील. विचारले तर उत्तर ठरलेले, "वय झालं आता!" वय झाले हे खरेच, पण अशा थकव्यामागे कधी कधी आतड्यातून नकळत जाणारे रक्त असते.

उतारवयात आतड्याच्या अस्तराखालच्या बारीक रक्तवाहिन्या फुगून वेड्यावाकड्या होतात. आतड्याच्या स्नायूंनी वर्षानुवर्षे दाबल्यामुळे हे घडते, असे मानले जाते. डॉक्टर याला 'अँजिओडिस्प्लेसिया' म्हणतात. मोठ्या आतड्याच्या उजव्या बाजूस तो अधिक आढळतो. हा कर्करोग नव्हे. यात पोट दुखत नाही, आणि तिथेच फसगत होते. कधी लाल रक्त पडते, कधी शौचाला डांबरासारखे काळे, चिकट होते. पुष्कळदा डोळ्यांना काहीच दिसत नाही, फक्त हिमोग्लोबिन उतरत जाते.

मग लोहाच्या गोळ्या सुरू होतात. (त्यांनीही शौचाचा रंग काळा होतो, हा आणखी एक घोळ!) हिमोग्लोबिन चढते, गोळ्या थांबतात, काही महिन्यांनी पुन्हा खाली. गळक्या टाकीत पाणी भरण्यातलाच हा प्रकार. गळती शोधायलाच हवी. त्यासाठी जठर व मोठे आतडे दुर्बिणीने तपासतात. तिथे काही न सापडल्यास गिळायची कॅमेरा-कॅप्सूल लहान आतड्याची छायाचित्रे घेते. हा रक्तस्राव मध्येच आपोआप थांबतो, म्हणून पहिली तपासणी कोरी आली तरी शोध सोडू नये. जागा सापडली की बहुधा दुर्बिणीतूनच ती डागता येते. मुंबईत परळच्या केईएम व शीवच्या लोकमान्य टिळक या पालिका रुग्णालयांत पोटविकारांचे स्वतंत्र विभाग आहेत.

यात हृदयाचाही संबंध निघाला. महाधमनीची झडप अरुंद झालेल्या काही रुग्णांच्या पोटातून रक्त जाते, पण कारण सापडत नाही, असे एडवर्ड हाइड या अमेरिकी डॉक्टरांनी १९५८ साली कळवले. पुढे उलगडा झाला. अरुंद झडपेतून वेगाने जाताना रक्त गोठवण्यास मदत करणाऱ्या एका प्रथिनाचे लांब रेणू तुटतात. झडप बदलल्यावर अनेकांचा रक्तस्राव थांबतो. तेव्हा हृदयाचे जुने कागद पोटाच्या डॉक्टरांनाही दाखवा. ॲस्पिरिन किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर तेही सांगा. मात्र ती आपल्या मनाने बंद करू नका.

आणि डांबरासारखे शौच होऊन चक्कर, घाम किंवा छातीत धडधड सुरू झाली, तर "सकाळी बघू" म्हणू नका. त्याच रात्री रुग्णालय गाठा.