गाडीचा आवाज कोणी काढायचा?

सावंतवाडीच्या चितारआळीतल्या साध्या लाकडी गाडीला सेल लागत नाहीत. दिवे नाहीत, हॉर्नही नाही. कल्पनेच्या खेळासाठी हे उणेपणच उपयोगी आहे. गाडी मुकी असली की ‘घुर्रर्र’ मुलालाच करावं लागतं. सकाळी ती एस.टी. असते, दुपारी उसाचा ट्रक. बोलायची वेळ मोठ्यांवरही येते. अमेरिकेतल्या नॉर्दर्न ॲरिझोना विद्यापीठाच्या ॲना सोसा यांनी 2016 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात 10 ते 16 महिन्यांची 26 बाळं आणि त्यांचे पालक यांच्या खेळातलं बोलणं घरातच ध्वनिमुद्रित केलं होतं. बॅटरीवर बोलणारी-गाणारी खेळणी पुढ्यात असताना पालक सर्वांत कमी बोलले. साधी खेळणी किंवा पुस्तकं असताना जास्त.

26 हा आकडा लहान आहे आणि त्या वयात ‘खोटं-खोटं’ खेळणं जेमतेम सुरू होतं, हा आक्षेप रास्तच. शिवाय श्रेय लाकडाचं नाही (लाकूडप्रेमींनी रागावू नये); बिनबॅटरीची प्लॅस्टिकची गाडीही तितकीच मुकी असते. मग नुसता ठोकळाच का देऊ नये? एल्डर आणि पेडरसन या संशोधकांच्या 1978 च्या प्रयोगात खोटं-खोटं खेळायला अडीच वर्षांच्या मुलांना खऱ्या वस्तूशी साम्य असलेली वस्तू हातात लागत होती, तर साडेतीन वर्षांच्या मुलांचं त्यावाचून अडत नव्हतं. लाकडी गाडी हुबेहूब वस्तू आणि नुसता ठोकळा या दोन टोकांच्या मधोमध बसते: चाकांमुळे ती ‘गाडी’ म्हणून ओळखू येते, पण कोणती गाडी, कुठे निघाली, आत कोण बसलंय, हे काहीच सांगत नाही.