कडक उन्हातील उडते रोहित

भीमा नदीवरील उजनी धरणाच्या फुगवट्यात, भिगवण आणि कुंभारगाव परिसरातील उथळ पाण्यात हिवाळ्यात उतरणारे रोहित, म्हणजेच फ्लेमिंगो, पक्षिछायाचित्रकारांना नेहमीच भुरळ घालतात. मात्र दिवस वर येऊन ऊन तापू लागले की उडत्या रोहिताचे चांगले छायाचित्र मिळणे अवघड होते. अंग पांढरट, पंखांवरील आच्छादक पिसे गुलाबी-लाल आणि उड्डाणपिसे काळी, असा हा पक्षी मुळातच तीव्र विरोधाचा असतो. त्यातच कॅमेऱ्याचा सेन्सर एकाच वेळी किती उजेड आणि किती सावली टिपू शकतो याला मर्यादा असल्याने पांढऱ्या भागातील बारकावे जळून जातात आणि पंखाखाली अंधार साचतो.

कॅमेऱ्यातील प्रकाशमापक या अडचणीत भर घालतो. समोरचे दृश्य सरासरीने मध्यम करड्या छटेचे आहे असे तो गृहीत धरतो, त्यामुळे पक्षी चकाकत्या पाण्यावर असताना चित्र काळवंडते आणि तोच पक्षी काठावरील गर्द झाडांसमोर आला की पांढरी पिसे जळतात. वास्तविक पक्ष्यावर पडणारे ऊन तसूभरही बदललेले नसते. म्हणूनच निरभ्र आकाशाखाली एक्स्पोजर, म्हणजे सेन्सरवर पडू द्यायच्या प्रकाशाचे प्रमाण, मॅन्युअल पद्धतीने आधीच ठरवणे हिताचे ठरते. त्यासाठी फिल्मच्या काळापासून चालत आलेला आडाखा असा, की लख्ख उन्हात भिंगाचे छिद्र एफ/१६ असेल, तर शटरचा वेग आयएसओच्या, म्हणजे प्रकाशसंवेदनशीलतेच्या, आकड्यावरून ठरवावा: सेकंदाचा १ भागिले तो आकडा. आयएसओ ४०० असताना हा वेग सेकंदाचा १/४०० येतो; छिद्र एफ/८ इतके मोठे केल्यास प्रकाश चौपट होतो, म्हणून वेग १/१६०० ठेवावा लागतो आणि पंखांची हालचालही स्पष्ट टिपली जाते. पांढऱ्या पिसांसाठी तो १/२५०० पर्यंत नेणे सुरक्षित असते, कारण रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या, फाइलमध्ये सावली काही अंशी उजळता येते, पण पूर्णपणे जळालेला पांढरा भाग परत मिळत नाही.

पंखाखालच्या सावलीवर खरा उपाय योग्य क्षण निवडण्याचा आहे. वळण घेताना पक्षी कलून पंखाची खालची बाजू सूर्याकडे आली की ती उजळते, आणि पाण्यालगत उडताना खालून परावर्तित प्रकाशही मिळतो. रोहित पाण्यावर धावत, शक्यतो वाऱ्याला सामोरे जात झेप घेतो. त्यामुळे ऊन आणि वारा दोन्ही पाठीशी येतील अशी जागा निवडल्यास तो समोरून, उजळलेल्या अंगाने येतो. तापलेल्या हवेच्या थरथरीने दूरचे चित्र मात्र धूसर होते आणि त्यावर महागडे भिंगही उपाय ठरत नाही. पक्ष्याशी अंतर कमी असणे किंवा सकाळ गाठणे, हेच पर्याय उरतात.

अंतर कमी करण्याच्या हव्यासाने होडी थव्यात घालून पक्षी उठवणे मात्र सर्वथा अयोग्य आहे, कारण चोच उलटी बुडवून अन्न गाळणाऱ्या रोहितांचा चरण्याचा वेळ आणि शक्ती त्यात वाया जाते. थवा आपणहून उठेपर्यंत थांबण्याची तयारी हा या कलेचा भागच आहे, आणि एक्स्पोजर आधी ठरवून ठेवणाऱ्याला त्या क्षणी पूर्ण लक्ष पक्ष्याकडे देता येते.