वीजबिलाची मदत कोणाला? बुकित तिमाहच्या निमित्ताने पात्रतेचा विचार

बुकित तिमाह हा सिंगापूरचा महागडा भाग. इथली 163 मीटरची टेकडी ही देशातली सर्वांत उंच नैसर्गिक जागा आहे आणि तिच्या आसपास बंगले आणि कॉन्डोमिनियम पसरलेले आहेत. मात्र याच भागात टो यी ड्राइव्हला सरकारी गृहनिर्माण मंडळाचे, म्हणजे एचडीबीचे, फ्लॅटही आहेत. समजा, टो यीच्या चार खोल्यांच्या फ्लॅटमधल्या आणि जवळच्याच एका जुन्या खासगी घरातल्या कुटुंबाला सारखेच वीजबिल आले. पहिल्या कुटुंबाला 2025-26 मध्ये सरकारकडून बिलापोटी 600 सिंगापूर डॉलर मिळतात आणि दुसऱ्याला त्या योजनेतून काहीच मिळत नाही. दोन्ही घरांचे उत्पन्न किती, हा प्रश्न तिथे विचारलाही जात नाही.

वीज, गॅस, पाणी यांच्या बिलासाठी मदत द्यायची, तर ती कोणाला द्यायची हे कुठेतरी रेघ मारून ठरवावे लागते. ती रेघ कशी मारावी, याचे धडे सिंगापूरच्या पद्धतीत आहेत आणि महाराष्ट्रातल्या वाचकालाही ते उपयोगी पडतील.

मदत कोणती आणि मिळते कशी

सिंगापूरची सुमारे 95 टक्के वीज आयात केलेल्या नैसर्गिक वायूवर तयार होते. त्यामुळे जगाच्या बाजारात वायू महागला की इथले बिल वाढते. 2025 मध्ये घरगुती विजेचा नियंत्रित दर कर धरण्याआधी युनिटमागे साधारण 28 सेंट होता आणि तो दर तीन महिन्यांनी बदलतो. त्यावर जीएसटी लागतो. हा कर 2023 च्या जानेवारीत 7 वरून 8 टक्के झाला आणि 2024 च्या जानेवारीत 9 टक्के.

कराचा भार कमी उत्पन्नाच्या घरांवर जास्त पडू नये म्हणून 2012 मध्ये जीएसटी व्हाउचर ही कायमची योजना आली. तिचा बिलांशी जोडलेला भाग म्हणजे यू-सेव्ह. ही रक्कम रोख हातात येत नाही. ती एप्रिल, जुलै, ऑक्टोबर आणि जानेवारीत थेट बिलाच्या खात्यात जमा होते आणि उरली तर पुढच्या बिलाला लागते. त्यासाठी अर्ज करावा लागत नाही.

घर हेच माप

यू-सेव्हसाठी पगाराची चिठ्ठी तपासत नाहीत, फ्लॅटचा आकार पाहतात. 2025-26 साठी एक व दोन खोल्यांच्या एचडीबी फ्लॅटला वर्षाला 760 डॉलर, तीन खोल्यांना 680, चार खोल्यांना 600, पाच खोल्यांना 520 आणि त्याहून मोठ्या एक्झिक्युटिव्ह फ्लॅटला 440 डॉलर ठरले. या रकमा नेहमीच्या दुप्पट होत्या. सिंगापूरमध्ये हॉलही खोली म्हणून मोजतात, त्यामुळे तिथला चार खोल्यांचा फ्लॅट म्हणजे आपला थ्री बीएचके.

आणखी दोन अटी आहेत. घरात किमान एक सिंगापूरचा नागरिक हवा आणि घरातल्या कोणाच्याही नावावर एकाहून अधिक मालमत्ता नको. म्हणून नोकरीच्या परवान्यावर आलेले मराठी कुटुंब एचडीबीचा अख्खा फ्लॅट भाड्याने घेऊन राहिले, तरी ते या योजनेत बसत नाही.

या मापाचा मोठा गुण म्हणजे ते लपवता येत नाही. उत्पन्न दरमहा बदलते. टॅक्सीचालक, घरगुती शिकवण्या घेणारी बाई, फेरीवाल्यांच्या केंद्रात स्टॉल चालवणारा, यांचे उत्पन्न कागदावर नेमके मांडणे अवघड असते. फ्लॅट किती खोल्यांचा हे मात्र सरकारदरबारी आधीच नोंदलेले आहे. देशातले चारांपैकी तीनहून अधिक रहिवासी एचडीबीच्या घरांत राहत असल्यामुळे एवढ्या एका नोंदीवरून बहुतेक लोकांपर्यंत पोहोचता येते.

दोषही त्याच मापात आहे. मोठ्या फ्लॅटमध्ये सहा माणसांचे, एकाच पगारावर चालणारे कुटुंब राहत असू शकते. छोट्या फ्लॅटमध्ये चांगला पगार घेणारे जोडपे असू शकते. 2020 मध्ये या उणिवेची दखल घेतली गेली: त्या वर्षी पाच किंवा अधिक माणसांच्या पात्र घरांना नेहमीच्या अडीचपट आणि इतरांना दुप्पट यू-सेव्ह देण्यात आले.

उत्पन्न मोजायचे तर कोणाचे

रेघ उत्पन्नावर मारायची ठरली, तरी कोणाचे उत्पन्न हा प्रश्न उरतोच. एका माणसाचे, साऱ्या घराचे की दरडोई? महिन्याला 6,000 डॉलर येणाऱ्या घरात दोघे असतील तर दरडोई 3,000 होतात, सहा जण असतील तर 1,000. घराच्या एकूण उत्पन्नावर रेघ मारली, तर आजी-आजोबांना सोबत ठेवणारे कुटुंब तोट्यात जाते. म्हणूनच सिंगापूरच्या अनेक सवलतींत दरडोई उत्पन्न धरतात.

अमेरिकेत 1981 पासून घरगुती ऊर्जा साहाय्याची संघराज्यीय योजना आहे. तिथे राज्यांना उत्पन्नाची मर्यादा दारिद्र्यरेषेच्या 150 टक्के किंवा राज्याच्या मध्यक उत्पन्नाच्या 60 टक्के, यांतल्या मोठ्या आकड्यापर्यंत नेता येते. पण ती दारिद्र्यरेषेच्या 110 टक्क्यांखाली आणता येत नाही. दारिद्र्यरेषा कुटुंबातल्या माणसांच्या संख्येनुसार बदलते. शिवाय उत्पन्न सर्वांत कमी आणि त्या उत्पन्नाच्या मानाने ऊर्जेचा खर्च सर्वांत जास्त, अशा घराला अधिक मदत द्यावी, असे कायदाच सांगतो. मदत विजेसाठी असेल तर विजेचा भार मोजायलाच हवा, ही यातली शिकण्याजोगी गोष्ट.

घराची किंमत आणि हातातला पैसा

जीएसटी व्हाउचरच्या रोख रकमेसाठी मुख्यतः दोन गोष्टी पाहतात: व्यक्तीचे करनिर्धारणाचे उत्पन्न आणि ती राहते त्या घराचे वार्षिक मूल्य. वार्षिक मूल्य म्हणजे घर भाड्याने दिले तर वर्षाला किती भाडे येईल, याचा करखात्याने काढलेला अंदाज. 2025 साठी उत्पन्नाची मर्यादा 39,000 डॉलर होती. घराचे मूल्य 21,000 पर्यंत असेल तर 850 डॉलर आणि त्यापुढे 31,000 पर्यंत असेल तर 450 डॉलर मिळाले.

31,000 डॉलर म्हणजे महिन्याला सुमारे 2,583 डॉलर भाडे. बुकित तिमाहमधल्या बहुतेक खासगी घरांचे भाडे याहून जास्त आहे. इथेच एक खरी अडचण उभी राहते. चाळीस वर्षांपूर्वी घेतलेल्या घरात राहणाऱ्या, निवृत्त, पगार नसलेल्या आजींच्या नावावर मोठी मालमत्ता आहे, पण बिल भरायला हातात पैसा कमी आहे. त्यांना गरीब म्हणावे का? घर विकून किंवा एखादी खोली भाड्याने देऊन त्या पैसा उभा करू शकतात, हे खरे. तरी या वयात घर सोडा असे सांगणे हे धोरण म्हणून कठोर आहे. त्यांना बंगल्याच्या मालकाइतकेच सधन समजणे चुकीचे आणि एक खोलीच्या भाडेकरूइतके गरजू समजणेही चुकीचे. अशा घरांसाठी सरसकट नियमाच्या शेजारी माणसाने माणसाची चौकशी करणारी वेगळी खिडकी लागते. सिंगापूरमध्ये कॉमकेअर ही योजना ते काम करते. तिथे अर्ज करावा लागतो, समाजसेवा कार्यालय कुटुंबाची परिस्थिती पाहते आणि घरखर्चाबरोबर बिलांनाही हातभार लावू शकते.

2025 पासून खासगी घरांसाठी आणखी एक दार उघडले. कमी वीज आणि पाणी लागणारी उपकरणे घेण्यासाठीची क्लायमेट व्हाउचर्स आधी फक्त एचडीबी घरांना होती. आता खासगी घरांत राहणाऱ्या सिंगापूरच्या नागरिक कुटुंबांनाही 400 डॉलरची व्हाउचर्स मिळाली. इथे उत्पन्न न पाहणे योग्य आहे, कारण हेतू विजेचा वापर कमी करण्याचा आहे आणि जुना फ्रिज बंगल्यातही तितकीच वीज खातो.

रेघ एका जागी ठेवली तर

कोविडनंतर सिंगापूरची भाडी झपाट्याने वाढली. त्याबरोबर घरांचे वार्षिक मूल्यही वाढले. घर तेच, माणसे तीच, उत्पन्न तेच, तरी कागदावरचे मूल्य वाढल्यामुळे माणूस योजनेबाहेर पडण्याची वेळ आली. म्हणून रोख रकमेसाठीची वार्षिक मूल्याची वरची मर्यादा 2024 मध्ये 21,000 वरून 25,000 वर आणि 2025 मध्ये 31,000 वर नेण्यात आली. उत्पन्नाची मर्यादाही 34,000 वरून 39,000 झाली.

उलट उदाहरण आपल्या घरचे आहे. महाराष्ट्रात 1 मे 1999 पासून तीन रंगांची शिधापत्रिका आली. पिवळ्या कार्डासाठी वार्षिक उत्पन्न 15,000 रुपयांपर्यंत, केशरी कार्डासाठी त्यापुढे 1 लाखापर्यंत आणि त्याहून अधिक असेल तर पांढरे कार्ड. त्यानंतरच्या पाव शतकात मजुरी आणि महागाई कुठल्या कुठे गेली. आज 15,000 रुपये म्हणजे महिन्याला 1,250. एवढ्यात कोणाचे घर चालते? रेघ वास्तवापासून इतकी तुटली की खरे उत्पन्न सांगणारा बाहेर राहतो आणि कमी लिहून देणारा आत येतो. लोकांना खोटे लिहायला भाग पाडणारी मर्यादा ही धोरणाचीच चूक आहे.

पायऱ्या आणि कडा

यू-सेव्हच्या 2025-26 च्या रकमा पाहा: 760, 680, 600, 520, 440. दर टप्प्याला फक्त 80 डॉलर कमी होतात. एका पायरीवरून दुसरीवर गेलेल्या कुटुंबाला फारसा धक्का बसत नाही. पण शेवटच्या पायरीपुढे 440 वरून एकदम शून्य येते. मर्यादेच्या टोकाला असा कडा असला की तिथे उभे असलेल्याला जरासे जास्त असण्याची शिक्षा होते.

ब्रिटनने हे नुकतेच अनुभवले. तिथे वृद्धांना हिवाळ्यातल्या इंधनासाठी घरटी 200 किंवा 300 पौंड मिळत. 2024 मध्ये सरकारने इंग्लंड आणि वेल्समध्ये ही मदत मुख्यतः पेन्शन क्रेडिट, म्हणजे कमी उत्पन्नाच्या वृद्धांसाठीचा भत्ता, मिळणाऱ्यांपुरती ठेवली. लाभार्थी एक कोटीहून अधिक होते, ते सुमारे 15 लाखांवर आले. एकट्या व्यक्तीसाठी त्या वर्षी पेन्शन क्रेडिटची मूळ रेघ आठवड्याला 218.15 पौंड होती. तिच्या किंचित वर असलेल्यांची मदत पूर्ण गेली आणि रेघेखालच्या ज्यांनी कधी अर्जच केला नव्हता, त्यांचीही गेली. 2025 च्या जूनमध्ये निर्णय बदलला: मदत सर्व वृद्धांना द्यायची आणि ज्यांचे वार्षिक उत्पन्न 35,000 पौंडांहून अधिक आहे त्यांच्याकडून ती करातून परत घ्यायची.

भारतात गॅसच्या अनुदानासाठी 2016 मध्ये असाच वरचा अडसर घातला गेला. ग्राहकाचे किंवा जोडीदाराचे करपात्र उत्पन्न 10 लाख रुपयांहून अधिक असेल तर अनुदान बंद झाले. गरिबाने गरिबी सिद्ध करण्यापेक्षा सधनांना कराच्या नोंदींवरून वगळणे सोपे, हा विचार त्यामागे होता आणि तो योग्य आहे.

दोन चुका, एक निवड

कोणतीही मर्यादा दोन प्रकारे चुकते. गरज नसलेल्याला मदत मिळते किंवा गरज असलेला वगळला जातो. पहिल्या चुकीत तिजोरीचे काही पैसे जातात. दुसरीत घरातला दिवा, पंखा, स्वयंपाक अडतो आणि वगळलेले घर बहुधा तक्रार करायलाही येत नाही. म्हणून मर्यादा आखणाऱ्याने दुसरी चूक आधी टाळावी, असे माझे ठाम मत आहे.

त्यासाठी पाच गोष्टी पाळता येतील.

1. सरकारकडे आधीच असलेल्या नोंदींवरून मदत आपोआप द्यावी; अर्ज ही शेवटची वाट असावी.
2. घरातली माणसे मोजावीत. शक्य तिथे उत्पन्नाच्या मानाने बिलाचा भारही पाहावा.
3. रक्कम टप्प्याटप्प्याने उतरावी आणि शेवटचा टप्पा शून्याच्या जवळ असावा.
4. मर्यादा दरवर्षी महागाई आणि मजुरीशी ताडून पाहावी, आणि ही तपासणी नियमातच लिहिलेली असावी.
5. नियमात न बसणाऱ्या घरासाठी चौकशी करून निर्णय देणारी खिडकी जवळपास आणि उघडी असावी.

सिंगापूर यातली पहिली गोष्ट उत्तम करते, चौथी अलीकडे मन लावून करते आहे आणि तिसरीत शेवटच्या टप्प्यावर कमी पडते. महाराष्ट्राने पहिली आणि चौथी तातडीने हाती घ्यावी. शिधापत्रिका, वीजजोडणी आणि गॅसजोडणी यांच्या नोंदी राज्यात आहेतच. त्या एकत्र जुळवल्या, तर हक्काच्या मदतीसाठी कोणत्याही आईला उत्पन्नाच्या दाखल्यापायी तहसील कचेरीत दिवस घालवावा लागणार नाही.