कुप्पा-गेदरची वाट : दर्यातील मालाचा माग कसा काढतात?

कोकण किनाऱ्यावर ज्याला कुप्पा किंवा गेदर म्हणतात तो टूनाच. खोल समुद्रातला पिवळ्या पराचा टूना निराळा. किनाऱ्यालगत मिळतो तो लहान कुप्पा आणि त्याचा भाऊबंद लांब शेपटीचा लाँगटेल. हा माल कधी ढिगाने येतो, तर कधी बोट डिझेल जाळून रिकामी परतते. म्हणून मासा कोठून येतो, कोठे जातो व कोणत्या पाण्यात राहतो, ही मालूमात व्यापाराच्या दृष्टीने मोलाची आहे.

हा मासा थांबत नाही. कल्ल्यांवरून पाणी वाहते राहावे म्हणून त्याला रात्रंदिवस पोहावेच लागते. नदीच्या मुखाजवळचे गढूळ, कमी खारे पाणी लाँगटेल टाळतो. लहान मासळी व माकूल जिकडे असेल तिकडे तो वळतो.

आता माग कसा काढतात ते पाहू. कापडाच्या गासडीवर मार्का व नंबर असतो, त्यावरून माल कोठून निघाला व कोठे उतरला हे समजते. साधा बिल्ला तसाच. मासा पकडून पाठीत नंबराची प्लास्टिकची बारीक नळी टोचतात, लांबी मोजतात व सोडून देतात. पुढे तो कोणाच्या जाळ्यात सापडला की दोन ठिकाणे व मधला काळ कळतो. मधला रस्ता मात्र कळत नाही.

त्यासाठी दुसरा प्रकार आहे. माशाच्या पोटात बसवलेले छोटे यंत्र पाण्याची खोली, उष्णता व उजेड टिपत राहते. उजेडावरून ठिकाण कसे काढतात? नागपूरला सूर्य मुंबईपेक्षा सुमारे २५ मिनिटे आधी माथ्यावर येतो. त्याचप्रमाणे मध्यान्हीच्या वेळेवरून पूर्व-पश्चिम आणि दिवसाच्या लांबीवरून उत्तर-दक्षिण अंतर काढता येते. तिसरा बिल्ला ठरल्या दिवशी माशापासून सुटतो, वर तरंगतो व उपग्रहाला खबर देतो. पण तो महाग व आकाराने मोठा. लहान कुप्प्याला त्याचे ओझे होते. म्हणून किनाऱ्याच्या माशासाठी चौथा प्रकार सोयीचा. पोटातील छोटे यंत्र आवाजाचे ठोके देते आणि समुद्रात ठेवलेली ऐकणारी यंत्रे काही शे मीटरवरून मासा गेल्याची नोंद करतात.

हैदराबादची 'इन्कॉईस' ही सरकारी संस्था उपग्रहावरून पाण्याची उष्णता व हिरवा रंग पाहून मासळी कोठे मिळेल याचा अंदाज मच्छीमारांना देते. पण उपग्रहाला पाण्याचा वरचा थरच दिसतो. मासा किती खोल आहे हे बिल्लाच सांगतो. दोन्हींचा मेळ बसला तर अंदाज पक्का होईल व डिझेल वाचेल.

दुसरी बाब अधिक गंभीर आहे. लाँगटेल इराण, ओमान, पाकिस्तान व भारत या सर्वांच्या जाळ्यात येतो. सेशेल्स येथील हिंदी महासागर टूना आयोगाच्या २०२० च्या पाहणीत या माशाची पकड प्रमाणाबाहेर असल्याचे दिसले. ही पाहणी साऱ्या महासागरातील लाँगटेल एकच साठा धरून केली जाते. मासा खरोखर सरहद्दी ओलांडतो की आपापल्या भागात राहतो, याचा निकाल बिल्ल्यांवरून लागू शकतो. एकच साठा असेल तर एका देशाने हात आखडून भागणार नाही. वेगळे असतील तर आपला साठा राखणे आपल्याच हाती आहे. भांडवल किती शिल्लक आहे हे न पाहता उचल करीत राहिले तर पेढी बुडते, हे व्यापाऱ्याला सांगावयास नको.

या कामात सामान्य माणसाचा वाटा मोठा आहे. २००५ ते २००९ या काळात हिंदी महासागरात दोन लाखांहून अधिक टूनांना बिल्ले लावले गेले व ३० हजारांवर परत मिळाले. ते परत देणारे बहुतेक खलाशी व गोदीतील हमाल होते. मात्र ते मासे खोल समुद्रातले होते; किनाऱ्याच्या कुप्प्याला त्या यादीत जागा नव्हती.

तेव्हा बोटमालक, तांडेल व मासळी व्यापारी बांधवांना विनंती की माशात नळी किंवा यंत्र आढळल्यास फेकू नये. नंबर, तारीख, ठिकाण व माशाची लांबी लिहून जवळच्या मत्स्य कार्यालयात द्यावी. एका माशाचा भाव लिलावात मिळतो. त्याच्या नंबराचा फायदा पुढच्या अनेक हंगामांना होतो.