शिखर-आरोहणाचे नियोजन : १९५३ च्या एव्हरेस्ट मोहिमेच्या संदर्भात

प्रास्ताविक

उत्तुंग शिखरावरील चढाई हा साहसाचा विषय मानला जातो आणि तो तसा आहेही. तथापि चढाईचे यशापयश पुष्कळ अंशी पायथ्याशी पोहोचण्यापूर्वी, कागदावरच ठरत असते. कर्नल जॉन हंट यांच्या नेतृत्वाखालील १९५३ ची ब्रिटिश एव्हरेस्ट मोहीम हे याचे ठळक उदाहरण होय. प्रस्तुत लेखात तिच्या नियोजनामागील तर्क उलगडून दाखविला आहे.

हंट यांच्याकडे नेतृत्व आले ते १९५२ च्या शरद ऋतूत. तयारीसाठी जेमतेम पाच महिने हाती होते. त्याच वर्षीच्या वसंतात स्विस मोहिमेतील रेमंड लांबेर आणि तेनसिंग नोर्गे सुमारे ८,६०० मीटरपर्यंत पोहोचले होते. नेपाळ त्या काळी वर्षाला मोजक्याच परवानग्या देत असे आणि १९५४ ची संधी फ्रेंचांकडे होती. चूक सुधारण्यास पुढील वर्ष मिळणार नव्हते.

शिखराकडून पायथ्याकडे

अशा मोहिमेचा हिशोब वरून खाली मांडावा लागतो. शिखरावर जाणाऱ्या दोघांना अखेरच्या छावणीत एक तंबू, स्टोव्ह, अन्न व प्राणवायूच्या नळकांड्या लागतात. ते सामान तेथे नेणाऱ्यांना त्याखालील छावणीत राहावे लागते. त्यांनाही खावे लागते, बर्फ वितळवावे लागते. म्हणजे माथ्यावरील प्रत्येक किलोमागे खाली कित्येक किलो वाढतात. दोन माणसांच्या चढाईसाठी काठमांडूहून साडेतीनशेहून अधिक हमाल निघाले, याचा उलगडा या गणितात होतो.

कालगणनाही उलटीच. हिवाळ्यातील प्रबळ पश्चिमी वारे उत्तरेकडे सरकल्यानंतर आणि मोसमी पाऊस पोहोचण्यापूर्वी, साधारणतः मे महिन्याच्या उत्तरार्धात, शिखरावर थोडे दिवस उघडीप मिळते. त्यापूर्वी सर्व सामान ७,९०० मीटरवरील साउथ कोल या खिंडीत पोहोचलेच पाहिजे. म्हणून मार्चमध्ये प्रयाण आणि त्यानंतर थ्यांगबोचे मठाच्या परिसरात विरळ हवेची सवय होण्यासाठी सराव, असा क्रम ठरला.

शरीरशास्त्राचा वाटा

शिखरावर हवेचा दाब समुद्रसपाटीवरील दाबाच्या एक-तृतीयांश इतकाच असतो. शरीरशास्त्रज्ञ ग्रिफिथ प्यू यांनी १९५२ मध्ये चो ओयू मोहिमेत गिर्यारोहकांवर प्रत्यक्ष प्रयोग केले होते आणि त्यांचे निष्कर्ष या नियोजनाच्या मुळाशी आहेत. प्राणवायू किती प्रमाणात द्यावा, हा त्यातील एक. दुसरा त्याहून साधा, म्हणूनच पूर्वी दुर्लक्षिलेला : पाणी. कोरड्या हवेत धापा टाकताना श्वासावाटे शरीरातील पाणी झपाट्याने कमी होते. अखेरच्या छावणीत लांबेर व तेनसिंग यांच्यापाशी स्टोव्ह नव्हता. मेणबत्तीवर बर्फ वितळवून त्यांना घोटभर पाणी मिळाले. त्यांचा प्राणवायू-संचही चालताना नीट उपयोगी पडत नव्हता. तेव्हा स्टोव्ह आणि रॉकेल यांना प्राणवायूच्या बरोबरीचे स्थान देणे हा कदाचित या योजनेतील सर्वांत शहाणपणाचा निर्णय म्हणावा लागेल.

प्राणवायूच्या दोन पद्धती होत्या. ‘बंद’ पद्धतीत उच्छ्वासातील कार्बन डायऑक्साइड रसायनाने शोषून उरलेला प्राणवायू पुन्हा वापरला जाई. त्यामुळे वेग वाढे, मात्र यंत्र नाजूक होते. ‘खुल्या’ पद्धतीत प्राणवायू बाहेरच्या हवेत मिसळला जाई. खप अधिक, पण भरवसा चांगला. हंट यांनी दोन्ही ठेवल्या. बंद संचाची पहिली जोडी थेट साउथ कोलहून, तर खुल्या संचाची दुसरी जोडी आणखी वरच्या छावणीतून जाणार होती. तिसऱ्या प्रयत्नाचीही तरतूद होती.

योजना आणि प्रत्यक्ष

ल्होत्से भिंतीवर वाट पाडण्यातच अपेक्षेहून अधिक दिवस गेले. २१ मे रोजी विल्फ्रिड नॉइस आणि शेर्पा अनुल्लू साउथ कोलवर पोहोचले. दुसऱ्या दिवशी ओझी नेणाऱ्या शेर्पांना बळ मिळावे म्हणून एडमंड हिलरी आणि तेनसिंग यांनाच वर पाठवावे लागले. शिखरासाठी राखून ठेवलेल्या जोडीची शक्ती अशी खर्च करणे योजनेशी विसंगत होते. तरीही ते न करता सामान वेळेत पोहोचले नसते.

२६ मे रोजी टॉम बॉर्डिलॉन व चार्ल्स एव्हान्स दुपारी एकच्या सुमारास दक्षिण शिखरावर पोहोचले. मुख्य शिखर अवघे शंभरेक मीटर उंच उरले होते. परंतु एव्हान्स यांच्या संचात बिघाड झालेला, प्राणवायू अपुरा आणि परतीची वाट दीर्घ. ते मागे फिरले. त्याच दिवशी स्वतः हंट आणि दा नामग्याल यांनी वरच्या छावणीसाठीचे काही सामान सुमारे ८,३०० मीटरवर नेऊन ठेवले.

२८ मे रोजी ओझी वाहण्यास शेर्पांपैकी एकटा आंग न्यिमा सक्षम होता. जॉर्ज लोव, आल्फ्रेड ग्रेगरी व तो अशा तिघांनी, हंट यांनी ठेवलेले सामानही उचलून, सुमारे ८,५०० मीटरपर्यंत साथ दिली. हिलरी व तेनसिंग यांनाही जड ओझी वाहावी लागली. प्राणवायूचा साठा ठरल्यापेक्षा कमी भरला. तेव्हा हिलरी यांनी हिशोब करून मिनिटाला चार लिटरऐवजी तीन लिटरवर भागविण्याचे ठरविले. २९ मे रोजी वाटेत त्यांना पहिल्या जोडीने मागे ठेवलेल्या दोन नळकांड्या आढळल्या. प्रत्येकीत सुमारे एक-तृतीयांश प्राणवायू शिल्लक होता. सकाळी साडेअकरा वाजता शिखर गाठून ते दोघे सुमारे पंधरा मिनिटे तेथे थांबले आणि उतरताना त्या नळकांड्या त्यांनी सोबत घेतल्या.